चिठ्ठीवरचा विश्वास

चिठ्ठी टाकून निर्णय घेणे हा आपल्या ग्रामजीवनातला फार जुना न्याय आहे. भावाभावांत शेताचे वाटे पडतात आणि विहिरीकडचा तुकडा कोणी घ्यायचा यावर बोलणे अडते, तेव्हा वडीलधारी माणसे कागदाच्या दोन सारख्या घड्या करतात, त्या टोपीत टाकून हलवतात आणि अंगणात खेळणाऱ्या एखाद्या पोराला हाक मारतात. पोर हात घालते, घडी उलगडते आणि वर्षभराचा वाद त्या क्षणी मिटतो. निदान मिटावा अशी अपेक्षा असते.

बुलढाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यातील वडनेर भोलजी हे महामार्गावरचे, काळ्या मातीचे, कापसाचे गाव. अशा हजारो गावांत सरपंचपद कोणत्या प्रवर्गाकडे वा महिलेकडे जाणार, याचा बराचसा निवाडा सोडतीने होतो, आणि तेथेही पुष्कळदा एखाद्या शाळकरी मुलाच्या हातूनच चिठ्ठी काढली जाते. महानगराचीही रीत निराळी नाही. २०१७ साली मुंबई महापालिकेच्या निवडणुकीत गिरगावच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात अतुल शहा आणि सुरेंद्र बागलकर या दोघांना प्रत्येकी ५,९४६ मते पडली. फेरमोजणीनेही तिढा सुटेना, तेव्हा एका लहान मुलीने चिठ्ठी काढली आणि शहा निवडून आले. हजारो नागरिकांच्या मतांनी जे ठरले नाही, ते एका बालिकेच्या बोटांनी ठरले.

लहान मूलच का? त्याला काही कळत नाही म्हणून. येथे आपण ज्ञानावर नव्हे, तर अज्ञानावर विश्वास टाकतो. एरवी आपण जाणत्याला शोधतो. आजारपणात चांगला डॉक्टर, कज्ज्यात चांगला वकील. सोडतीच्या वेळी मात्र आपल्याला असा हात हवा असतो की ज्याला घडीच्या आत काय आहे हे ठाऊक नाही. आणि येथेच एक गहन प्रश्न उभा राहतो, ज्याचा विचार या लेखात करावा असे आम्ही योजले आहे. एखाद्याला एखादी गोष्ट ठाऊक आहे हे सिद्ध करता येते. त्याने ती बोलून दाखविली की झाले. परंतु ती गोष्ट कोणालाच, अगदी कोणालाच, आधी ठाऊक नव्हती, हे कसे सिद्ध करावयाचे?

हा प्रश्न पोकळ नव्हे. त्यावर घरे, नोकऱ्या, शाळेतील प्रवेश आणि कधी कधी माणसांचे प्राण अवलंबून असतात. म्हाडाच्या घरांची सोडत आज संगणक काढतो. शिक्षण हक्क कायद्याखाली दुर्बल घटकांच्या मुलांसाठी राखलेल्या पंचवीस टक्के जागांना अर्ज अधिक आले, म्हणजे तेथेही संगणकाचीच सोडत असते. टोपीत हात घालणारे पोर निदान सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. संगणकाच्या पोटात मात्र कोणाला डोकावता येते?

चिठ्ठीवरच्या विश्वासाचा एक विलक्षण आणि दुःखद इतिहास आपल्या मुंबईतच घडला आहे. मटक्याचा जुगार मुळात कापसाच्या भावावर चाले. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडते आणि बंद होते भाव तारेने मुंबईस येत आणि लोक त्या आकड्यांवर पैसे लावीत. मुंबईतला कोणताही सटोडिया न्यूयॉर्कचा भाव वाकवू शकणार नाही, हीच त्या खेळाची खात्री होती. १९६१ साली ते भाव येणे बंद झाले. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आकडे काढण्याची आपापली रीत सुरू केली. मडक्यातील चिठ्ठ्या आल्या, पुढे पत्ते आले. सात समुद्रांपलीकडच्या बाजाराची जागा एका माणसाच्या हाताने घेतली, आणि त्या हातावर विसंबून गिरणगावातल्या कितीक संसारांची राखरांगोळी झाली. ज्या कापसाचा भाव लावण्यासाठी आमच्या वऱ्हाडातला शेतकरी खामगावच्या बाजारात बैलगाडी घेऊन रात्र काढी, त्याच कापसाच्या भावावर मुंबईत कोणी जुगार खेळत होते, हा योगायोगही विचार करायला लावणारा आहे.

लबाडी नसली तरी चिठ्ठी खोटी पडू शकते. १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत, व्हिएतनाम युद्धावर कोणत्या तरुणांना आधी पाठवावयाचे हे ठरविण्यासाठी सोडत झाली. वर्षातील ३६६ जन्मतारखा छोट्या कुप्यांत घालून एका भांड्यात ओतल्या होत्या. कुप्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या गेल्या आणि नीट ढवळल्या गेल्या नाहीत. परिणामी वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत जन्मलेल्या मुलांची नावे अधिक प्रमाणात आधी आली. कोणाच्याही मनात कपट नव्हते. परंतु डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलाच्या आईला त्याचे काय होय? आणि कपट असले म्हणजे काय घडते, तेही अमेरिकेतच दिसले. एडी टिप्टन हा राज्यांच्या सामायिक लॉटरीच्या संगणक-सुरक्षेचा प्रमुख होता. आकडे काढणाऱ्या यंत्राच्या आज्ञावलीत त्याने असा चोरकप्पा ठेवला की वर्षातील ठरावीक दिवशी येणारे आकडे त्याला आधी ओळखता यावेत. २०१७ साली त्यास शिक्षा झाली. राखणदारच चोर निघाला, हे त्या प्रकरणाचे सार.

कोणी म्हणेल, निघालेले आकडे तपासून पाहावेत. त्यांत काही क्रम दिसला तर सोडत खोटी, न दिसला तर खरी. परंतु हा उपाय पुरा पडत नाही. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर, ज्याला आपण 'पाय' म्हणतो, त्याचे दशांश स्थळांतील अंक घ्या. त्यांत कसलाही क्रम दिसत नाही. यदृच्छेच्या नेहमीच्या कसोट्या ते उत्तीर्ण होतात. तरीही त्यांतला प्रत्येक अंक आधीपासून ठरलेला आहे, आणि ज्याच्यापाशी ते कोष्टक आहे त्याला पुढचा अंक ठाऊक आहे. म्हणजे अंकांचा चेहरा पाहून त्यांची कुळकथा कळत नाही. आकड्यांचे बाह्य रूप निष्पाप असून त्यांच्या मागे कोणाच्या तरी खिशात यादी असू शकते. ती यादी अस्तित्वातच नाही, हे दाखवावे कसे?

या कोड्याची उकल गेल्या काही दशकांत भौतिकशास्त्राने अशा वाटेने केली आहे की तिचा आरंभ कॅथलिक वाचकांस परिचित असलेल्या एका कथेत दिसावा. दानीएलाच्या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात सुसान्नेची कथा येते. दोन वडील न्यायाधीश तिच्यावर व्यभिचाराचा खोटा आरोप करतात. त्यांची साक्ष जुळते, म्हणून लोक तिला मरणदंड देण्यास निघतात. तरुण दानीएल पुढे होतो आणि एकच मागणी करतो: या दोघांना एकमेकांपासून दूर करा. मग तो प्रत्येकास निरनिराळे विचारतो की तुम्ही हिला कोणत्या झाडाखाली पाहिले? एक जण एका झाडाचे नाव घेतो, दुसरा दुसऱ्याच झाडाचे. सुसान्ना वाचते. साक्षीदारांना वेगळे करावयाचे आणि त्यांना आधी ठाऊक नसलेला प्रश्न विचारावयाचा, ही दानीएलाची युक्ती होय. जे संगनमताने आधी ठरविले आहे ते अशा प्रश्नापुढे टिकत नाही.

आता या युक्तीचे एक नवे रूप पाहू. थोरला आणि धाकटा असे दोन भाऊ आपण निरनिराळ्या खोल्यांत बसविले. प्रत्येकास पांढरा किंवा तांबडा, दोहोंपैकी एक प्रश्न विचारावयाचा. कोणता, ते नाणे उडवून ऐन वेळी ठरवावयाचे. उत्तर 'होय' किंवा 'नाही' एवढेच. जिंकण्याचा नियम असा: दोघांनाही तांबडा प्रश्न आला, तर उत्तरे भिन्न हवीत, उरलेल्या तिन्ही प्रसंगी ती सारखी हवीत. खोलीत जाण्यापूर्वी दोघा भावांनी हवी तेवढी मसलत करावी, हव्या तेवढ्या याद्या लिहून न्याव्यात. एकदा आत गेल्यावर मात्र बोलणे नाही.

त्यांनी कितीही हुशारी केली तरी ते सरासरी चारांपैकी तीनच वेळा जिंकू शकतात. कारण सोपे आहे. पांढऱ्याला 'होय' म्हणावयाचे असे थोरल्याच्या यादीत लिहिले आहे असे धरू. मग धाकट्यास पांढऱ्यालाही आणि तांबड्यालाही 'होय'च म्हणावे लागेल. धाकटा पांढऱ्याला 'होय' म्हणतो, म्हणून थोरल्यास तांबड्यालाही 'होय' म्हणणे प्राप्त आहे. आता दोघांच्याही यादीत तांबड्यापुढे 'होय' आहे. आणि नेमके तेथेच उत्तरे भिन्न हवी होती. 'नाही'पासून आरंभ केला तरी गत तीच. चार अटींपैकी एक मोडतेच. दर फेरीला यादी बदलली तरी प्रत्येक यादीची मर्यादा पंचाहत्तर टक्क्यांचीच राहते.

आणि तरीही निसर्गात असे दोन साक्षीदार आहेत जे ही मर्यादा ओलांडतात. पुंजभौतिकीच्या नियमांनुसार एकत्र निर्माण झालेले दोन सूक्ष्म कण असे गुंतलेले असू शकतात की त्यांना कितीही दूर नेले तरी त्यांचे वर्णन एकत्रच करावे लागते. अशा कणांवर योग्य मापने केली, तर हा खेळ ते सुमारे पंच्याऐंशी टक्के वेळा जिंकू शकतात. प्रत्येक कणाचे उत्तर सुटे पाहिले तर ते नाणेफेकीसारखे असते. त्यातून एकमेकांस कसलाही निरोप धाडता येत नाही. परंतु दोन्ही उत्तरे शेजारी मांडली की जुळणी दिसते, आणि ती कोणत्याही पूर्वलिखित यादीच्या आवाक्याबाहेरची असते.

या सत्याचा इतिहास वादळी आहे. १९३५ साली आइन्स्टाइन यांनी पोडोल्स्की आणि रोझेन यांच्यासह असे प्रतिपादिले की पुंजभौतिकी अपुरी असली पाहिजे. कणांपाशी काही पूर्वनियत गुण असणार आणि ते आपल्या सिद्धांतास अद्याप गवसलेले नाहीत. परमेश्वर फासे टाकीत नाही, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे सर्वश्रुत आहे. १९६४ साली जॉन बेल या आयरिश शास्त्रज्ञाने दाखविले की हा वाद केवळ मतांचा नव्हे, तो प्रयोगाने निकालात काढता येईल. वर सांगितलेला दोन भावांचा खेळ हे बेल यांच्या सिद्धांताचेच सुबोध रूप. १९७२ मध्ये फ्रीडमन व क्लाउझर यांनी आणि १९८२ मध्ये फ्रान्समध्ये अस्पे व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले. कौल आइन्स्टाइन यांच्या विरुद्ध गेला. २०१५ साली नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे १.३ किलोमीटर अंतरावरील दोन हिऱ्यांतील इलेक्ट्रॉनांवर हा खेळ २४५ वेळा खेळला गेला आणि १९६ वेळा जिंकला गेला, म्हणजे ऐंशी टक्के. त्याच वर्षी इतर प्रयोगशाळांनीही अशाच कडेकोट चाचण्या करून तोच कौल मिळविला. २०२२ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक क्लाउझर, अस्पे आणि झाइलिंगर यांना या कार्यासाठी लाभले. आपल्या महाराष्ट्रानेही यात वाटा उचलला आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत वीरेंद्र सिंग आणि एस. एम. रॉय यांनी बेल यांच्या असमानतांवर प्रदीर्घ काळ सैद्धांतिक काम केले. पुण्याच्या आयसर संस्थेत टी. एस. महेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली याच कुळातील लेगेट-गर्ग असमानतेचा भंग अणुकेंद्रकांवरील प्रयोगात दाखविला.

वाचक विचारतील, याचा चिठ्ठीशी संबंध काय? संबंध अगदी थेट आहे. दोन पेट्या जर पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक वेळा जिंकल्या आणि त्यांना परस्परांत बोलण्याची संधी नव्हती, तर त्यांची सर्व उत्तरे आधी लिहिलेली नव्हती, हे सिद्ध झाले. मग ती आधीच कोणाच्या खिशात असणार तरी कशी? पेटी कोणी बनविली, बनविणारा सज्जन होता की टिप्टनसारखा होता, हे विचारण्याचे कारण उरत नाही. शत्रूने बनविलेली पेटीसुद्धा ही परीक्षा उत्तीर्ण झाली, तर तिच्या उत्तरांत अस्सल यदृच्छा आहेच. अज्ञानाचे प्रमाणपत्र म्हणतात ते हे. दानीएलाने साक्षीदारांची विसंगती दाखवून खोटेपणा उघड केला. येथे साक्षीदारांची सुसंगतीच इतकी विलक्षण की त्यांनी आधी काही ठरविले नव्हते असे तीच सांगते.

२०१० साली अमेरिकेत मेरीलंड येथे सुमारे एक मीटर अंतरावरील दोन आयनांवर ३,०१६ फेऱ्या करून असे प्रमाणित यादृच्छिक अंक प्रथम मिळविले गेले. किती? शून्य किंवा एक असे अवघे ४२. महिनाभराच्या कष्टाचे ते फळ होते. २०१८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १८७ मीटर अंतरावरील दोन केंद्रांत प्रकाशकणांवर कोट्यवधी फेऱ्या घेऊन असे १,०२४ अंक मिळविले. २०२५ साली त्याच संस्थेने कोलोरॅडो विद्यापीठाच्या साह्याने असे अंक सर्वांसाठी जाहीर करण्याची व्यवस्था केली. त्यातील नोंदी तीन स्वतंत्र पक्षांच्या साखळ्यांत अशा गुंफलेल्या आहेत की कोणा एकाला गुपचूप फेरफार करता येऊ नये. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत उर्बशी सिन्हा यांच्या गटाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दोन दूरस्थ कणांऐवजी एकाच प्रकाशकणावर निरनिराळ्या वेळी केलेल्या मापनांतून, लेगेट-गर्ग असमानतेच्या आधारे, नऊ लाखांहून अधिक प्रमाणित अंक मिळविले.

येथवर आलो म्हणजे असे वाटते की आता माणसावर विश्वास ठेवण्याची गरजच संपली. परंतु प्रमाणपत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत काही अटी लिहिलेल्या असतात, आणि आमच्या मते या विषयाचे खरे नैतिक मर्म त्या अटींतच आहे.

पहिली अट अशी की दोन्ही पेट्यांना बोलता येऊ नये. प्रकाशाहून वेगाने कोणताही निरोप जात नाही, या निसर्गनियमावर ही अट विसंबते. १८७ मीटर जाण्यास प्रकाशाला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. तेवढ्या अवधीत प्रश्न आणि उत्तर उरकावे लागते. डेव्हिड बोम यांनी १९५२ साली असा एक सिद्धांत मांडला होता की ज्यात सारे नियत आहे, पण दूरचे कण एकमेकांवर तत्क्षणी प्रभाव टाकतात. बेल यांचा निष्कर्ष त्यास खोडत नाही. म्हणून 'जगात नियती नाही' असे हे प्रमाणपत्र सांगत नाही. निरोप प्रकाशाहून वेगाने जात नसेल तर ही उत्तरे कोणास आधी कळणे शक्य नव्हते, एवढेच ते सांगते.

दुसरी अट याहून सूक्ष्म आहे. प्रश्न कोणता विचारावयाचा ही निवड पेट्यांना आधी ठाऊक नसावी. सुसान्नेच्या साक्षीदारांना दानीएलाचा प्रश्न आदल्या रात्री कळला असता तर त्यांनी झाडाचे नाव ठरवून ठेवले असते. म्हणजे यदृच्छा प्रमाणित करण्यासाठी आरंभी थोडी यदृच्छा आपल्यापाशी असावी लागते. शास्त्रज्ञ तिला बीज म्हणतात. थोडक्या बीजातून पुष्कळ पीक काढता येते, पण शून्यातून नव्हे. हे बीज कोठून आणावे? ३० नोव्हेंबर २०१६ रोजी जगभरच्या सुमारे एक लाख सामान्य माणसांनी आपापल्या मनाने शून्य-एक अशा नऊ कोटींहून अधिक निवडी केल्या, आणि पाच खंडांतील प्रयोगशाळांनी त्या निवडींप्रमाणे कणांना प्रश्न विचारले. मानवाच्या स्वतंत्र इच्छेवर उभारलेली ती परीक्षा होती. माझी निवड माझी आहे, एवढे आपण मानले तर कणांच्या उत्तरांविषयी पुढे बोलता येते. ज्यास माणसाचे इच्छास्वातंत्र्यच अमान्य आहे, जो म्हणतो की प्रश्नकर्ता आणि उत्तरे हे सारे विश्वारंभीच एका कटात बांधले गेले आहेत, त्याला कोणतेही प्रमाणपत्र पटविता येणार नाही. विश्वास नाहीसा होत नाही. तो लहान होतो, स्वच्छ होतो आणि तळाशी जाऊन बसतो.

आता श्रद्धावंतांस सलणाऱ्या प्रश्नाकडे वळू. जे कोणालाच आधी ठाऊक नव्हते, ते परमेश्वरासही ठाऊक नव्हते काय? पुष्कळांच्या मनात ईश्वरी योजना म्हणजे कोठेतरी लिहून ठेवलेली यादी असते. आमच्याच बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात, भोवती धान्ये ठेवतात आणि दुसऱ्या पहाटे त्यांची हालचाल पाहून वर्षाच्या पावसापाण्याचे भाकीत सांगतात. शेकडो वर्षांची परंपरा म्हणून लोक ते ऐकायला दुरून जमतात. ज्याचा सारा संसार मृगाच्या सरींवर टांगलेला आहे, त्याला भविष्याची यादी वाचावीशी वाटली तर त्याला हसण्याचे कारण नाही. पण भविष्याची अशी यादी आहे काय?

संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात एक दृष्टान्त दिला आहे. धनी आपल्या दोन नोकरांना एकाच ठिकाणी धाडतो. एकाला दुसऱ्याची खबर नसते. तेथे त्यांची गाठ पडते तेव्हा त्यांना तो योगायोग वाटतो. धन्याच्या दृष्टीने तो योगायोग नसतो. बेल यांच्या सिद्धांतापुढे हा दृष्टान्त ठेवला तर प्रथम वाटते की तो ढासळला. कारण धन्याने नोकरांच्या खिशांत काही सूचना लिहून दिल्या असतील, या कल्पनेलाच प्रयोगांनी नकार दिला आहे. परंतु अक्विनास यांचा परमेश्वर नोकरांच्या खिशात चिठ्ठी कोंबणारा धनी नव्हे. त्यांच्या मते ईश्वरी योजना सर्वच गोष्टी अपरिहार्य करीत नाही. काही गोष्टी अपरिहार्यपणे घडाव्यात आणि काही मोकळेपणाने घडाव्यात, हीच ती योजना. परमेश्वराचे ज्ञान हे आधीचे ज्ञान नव्हेच. वाटेने चालणाऱ्यास मागून येणारा दिसत नाही. उंचावर उभ्या असलेल्याला मात्र सारी वाट एकदमच दिसते. त्याच्या पाहण्याने कोणाचे पाऊल बांधले जात नाही. भौतिकशास्त्र जगाच्या आत कोठे यादी दडली आहे काय हे तपासते. ज्याच्या इच्छेने जग आहे, तो जगाच्या आतला एक कागद नव्हे. त्यास तेथे शोधणारे आणि तेथे न सापडल्यामुळे त्यास नाकारणारे, दोघेही एकाच भ्रमात आहेत असे आम्हांस वाटते.

याहूनही महत्त्वाची गोष्ट शेवटी उरते. चिठ्ठी अस्सल आहे म्हणून ती न्याय्य होते काय? पवित्र शास्त्रात चिठ्ठ्यांचे प्रसंग अनेक आहेत. यहोशवाच्या काळी वतनाची जमीन चिठ्ठ्यांनी वाटली गेली. योनाच्या नौकेवर चिठ्ठ्या पडल्या. नीतिसूत्रांत चिठ्ठीचा निर्णय परमेश्वराचा असल्याचे म्हटले आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात यहूदाची रिकामी जागा भरण्यासाठी योसेफ बर्सब्बा आणि मत्थिया यांच्यात चिठ्ठी टाकली गेली. पण तेथील क्रम लक्षात घ्यावा. आधी पात्रता ठरली, मग योग्य माणसे निवडली गेली, मग प्रार्थना झाली, आणि मानवी विवेकाला जे करता येण्यासारखे होते ते सारे संपल्यावर उरलेला एकच प्रश्न चिठ्ठीवर सोडला गेला. पवित्र आत्म्याचे आगमन झाल्यानंतर सात सेवकांची निवड करावयाची होती, तेव्हा चिठ्ठी नाही. समुदायाने विचारपूर्वक माणसे निवडली. अक्विनास यांनीही वाटणीची चिठ्ठी, सल्ल्याची चिठ्ठी आणि भविष्याची चिठ्ठी असे तीन प्रकार मानून, जेथे अन्य उपाय खुंटला आहे तेथे वाटणीची चिठ्ठी त्यांनी मान्य केली आहे, भविष्याची नव्हे. आणि ख्रिस्तसभेतील पदांची निवड चिठ्ठीवर सोडू नये असे बजावले आहे.

आणि आणखी एक चिठ्ठी आहे. क्रुसाच्या पायथ्याशी बसलेल्या शिपायांनी प्रभूचा झगा फाडू नये म्हणून त्यावर चिठ्ठ्या टाकल्या. ती सोडत कदाचित पूर्णपणे प्रामाणिक असेल. चौघा शिपायांत कोणावरही अन्याय झाला नसेल. पण त्या प्रामाणिक सोडतीच्या माथ्यावर, एक हात अंतरावर, काय चालले होते?

हा प्रसंग आम्हांस आजच्या काळाशी फार जवळचा वाटतो. शाळेच्या वीस जागांसाठी शंभर लेकरे असली तर निर्दोष सोडत वीस जणांना आनंद देईल आणि ऐंशी जणांना, तुमच्यावर अन्याय झाला नाही, असे सांगेल. त्यांपैकी प्रत्येकासाठी ते खरेही असेल. परंतु शंभर लेकरांना वीसच चांगल्या जागा का, हा प्रश्न सोडतीच्या कक्षेबाहेर राहतो, आणि सोडत जितकी निर्दोष तितका तो विसरायला सोपा. कर्जात बुडालेल्या कापूस उत्पादकाविषयी 'त्याचे नशीब' म्हणून आपण मोकळे होतो, तेव्हाही हेच घडते. पावसाचा लहरीपणा कोणाच्या हातचा नाही. पण बियाण्याचा दर्जा, सावकाराचे व्याज, बाजारातला भाव ही माणसांची करणी आहे. माणसांनी केलेल्या गोष्टीस यदृच्छेचे नाव देणे ही लबाडी होय, आणि तीस ईश्वरेच्छेचे नाव देणे ही त्याहून मोठी लबाडी होय.

म्हणून दोन्ही दिशांनी सावध राहावे असे आम्ही सुचवितो. जे खरोखर चिठ्ठीवर सोडावयाचे आहे, ते पूर्ण प्रामाणिकपणे सोडावे. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथाने संधीच्या खेळांना सरसकट दोष दिलेला नाही. परंतु घरच्यांच्या गरजेचे हिरावून घेणारा खेळ आणि खेळातील फसवणूक यांना त्याने स्पष्ट दोष दिला आहे. धर्मग्रामाच्या सणाच्या दिवशी हाऊजीचे आकडे काढतानाही पिशवी सर्वांसमोर रिकामी करून दाखवावी, सोंगट्या मोजाव्यात, नीट हलवाव्यात, आणि काढणाऱ्याच्या घरच्यांनी त्या फेरीत खेळू नये. हे क्षुल्लक वाटेल. पण दूरदेशीच्या प्रयोगशाळांत १८७ मीटर अंतरावर दोन यंत्रे ठेवून जे साधले जाते, त्याचेच हे घरगुती रूप आहे: एका हातात सारे असू नये, आणि तपासणाऱ्याला काही लपलेले नसावे.

आणि जे चिठ्ठीवर सोडण्याजोगे नाही, ते मात्र कितीही अस्सल यदृच्छा हाताशी आली तरी तिच्यावर सोडू नये. विहिरीकडचा तुकडा कोणाला, हे चिठ्ठी सांगेल. विहिरीचे पाणी दुसऱ्या भावाला पोचेल की नाही, हे दोघा भावांनीच ठरवावयाचे आहे.